लाव्हा मार्ग (रियुनियन)

हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचा रस्ता. बेटाला पूर्वेकडून वळसा घालणाऱ्या राष्ट्रीय मार्ग क्र. २ चा सँत-रोझ ते सँ-फिलिप हा भाग या नावाने ओळखला जातो. एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला २,६३२ मी. उंचीचा ‘पितों द ला फूर्नेज’ हा जागृत ज्वालामुखी, यांच्यामधून तो जातो. सतराव्या शतकापासून या ज्वालामुखीचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत. त्यांतले काही लाव्हाप्रवाह थेट या रस्त्यावर आले.

मराठी वाचकाला या रस्त्याबद्दल विशेष अगत्य वाटावे असे कारण आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या तप्त स्रोतावर हे बेट उभे आहे, त्याच स्रोतावरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट सरकत होता आणि त्या काळात दख्खनचा बेसाल्ट साचला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे भूपट्ट उत्तरेकडे गेला, स्रोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव व छागोसची रांग, नंतर मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, असा त्याचा माग सागरतळावर उमटला आहे. अर्थात दख्खनमधले लाव्हापूर अतिप्रचंड होते. फूर्नेजचे उद्रेक त्यांच्यापुढे अगदी किरकोळ आहेत. तरीही सह्याद्रीच्या कड्यांत थरांवर थर रचलेला काळा पाषाण वाहता असताना कसा वागत असेल, हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण.

उत्तरेकडून येताना सँत-रोझच्या अलीकडे पूर्व नदीवर १८९० च्या दशकातला जुना झुलता पूल लागतो. त्यावरून आता फक्त पायी जाता येते. पुढे पितों-सँत-रोझ या वस्तीत एप्रिल १९७७ मध्ये लाव्हा शिरला. नेहमी हा ज्वालामुखी आपल्या मुखकुंडाच्या (जमीन खचून बनलेल्या विस्तीर्ण खोलगट भागाच्या) आतच उसळतो. त्या वेळी मात्र भेगा कुंडाबाहेर फुटल्या. लोकांना आधीच हलवल्यामुळे जीवितहानी झाली नाही, पण घरे गेली. लाव्हा गावातल्या चर्चच्या दारापर्यंत आला, दोन्ही बाजूंनी भिंतींना भिडून पुढे गेला आणि इमारत उभी राहिली. आज हे चर्च ‘लाव्हाची माउली’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. भाविकांना तो चमत्कार वाटतो. या घटनेचा दुसरा परिणाम मला तितकाच मोलाचा वाटतो : तिच्यानंतर, १९७९ मध्ये, ज्वालामुखीवर कायम लक्ष ठेवणारी वेधशाळा उभी राहिली.

ब्वा-ब्लाँ हे गाव सोडले की रस्ता एका उंच कड्याखालून ‘ग्राँ ब्रुले’ या उतारावर येतो. ज्वालामुखीचे नालाकृती कुंड समुद्राच्या बाजूला उघडे आहे, आणि रस्ता नेमका त्या उघड्या तोंडातून जातो. शिखराकडून निघालेल्या लाव्हाला समुद्र गाठायचा तर रस्ता ओलांडावाच लागतो. प्रत्येक मोठ्या प्रवाहाशेजारी त्याच्या वर्षाची पाटी लावलेली आहे. पाट्या वाचत गेले की वनस्पतींचा क्रमही उलगडतो. ताज्या खडकावर प्रथम रुपेरी-राखाडी दगडफूल धरते, मग भेगांत नेचे उगवतात, त्यानंतर झुडपे येतात. जुन्या प्रवाहांवर दाट रान माजले आहे. हा वेग पावसामुळे आहे. व्यापारी वारे या उतारावर आदळतात आणि वरच्या भागात वर्षाला १०,००० मि.मी.पेक्षाही जास्त पाऊस पडतो.

यांतला सर्वांत भव्य प्रवाह एप्रिल २००७ चा. २ एप्रिलला कमी उंचीवर, त्रांब्ले वस्तीच्या बाजूला भेग फुटली आणि लाव्हा काही तासांत समुद्राला मिळाला. वर शिखरावर, खालचा शिलारस निघून गेल्याने ‘दोलोम्यू’ विवराचा तळ तीनशे मीटरांहून अधिक खचला. रस्त्याचा दीडेक किलोमीटर भाग दगडाखाली गाडला गेला. थर इतका जाड होता की आतली उष्णता निघायला वर्षे लागली. रस्ता पुन्हा सुरू झाल्यावरही पाऊस आला की खडकातून वाफा निघत. नवा रस्ता या प्रवाहाच्या पाठीवरूनच बांधला आहे. मार्ग बंद झाला की सँ-फिलिपच्या लोकांना पूर्वेकडे जायला बेटाच्या मधल्या पठारावरून किंवा पश्चिम किनाऱ्याने मोठा वळसा पडतो. प्रवाशाचे प्रेक्षणीय स्थळ हा त्यांचा रोजचा रस्ता आहे, हे विसरू नये.

याच पट्ट्यात निळी छत्री घेतलेली मरियमची मूर्ती प्रसिद्ध आहे. लाव्हापासून मळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून ती बसवली गेली. पुढे लाव्हा जवळ आल्याने तिलाच हलवावे लागले.

सँ-फिलिपच्या बाजूला लाव्हाचे काळे कडे थेट समुद्रात उतरतात. मार्च १९८६ मध्ये पुन्हा कुंडाबाहेर उद्रेक झाला आणि ‘प्वँत द ला ताब्ल’ येथे बेटाला नवी जमीन मिळाली. तिथल्या ‘पाहोएहोए’ म्हणजे गुळगुळीत पृष्ठाच्या लाव्हावर दोरखंडी घड्या स्पष्ट दिसतात. किनाऱ्याला ‘वाकोआ’ची दाटी आहे, हे झाड आपल्या केवड्याच्याच कुळातले, आणि त्याच्या पातींच्या टोपल्या व टोप्या विणतात. आतल्या रानाच्या सावलीत व्हॅनिलाचे वेल चढवलेले असतात. व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागीभवन करण्याची सोपी रीत १८४१ मध्ये याच बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जगभरची व्हॅनिलाची शेती तिच्यावर उभी राहिली, पण त्याला स्वतःला गरिबीतच मरण आले.

बेटाचा मध्यवर्ती डोंगराळ प्रदेश २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उद्रेक सुरू झाला की कुंडात उतरणाऱ्या पायवाटा बंद केल्या जातात, तर खालच्या रस्त्यावर रात्री लाव्हा पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात. एरवी पूर्ण मार्ग थांबत-थांबत पाहायला एक दिवस पुरतो. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारपर्यंत शिखर बहुधा ढगांत गेलेले असते. इथल्या समुद्रात मात्र उतरू नये. कडे सरळसोट आहेत आणि लाटा फार जोरकस असतात.