खच्ची केलेल्या घोड्याच्या शिश्नाची स्वच्छता: मळ किती काढावा, किती राहू द्यावा

घोड्याला रोज खरारा होतो, खुरांतली घाण काढली जाते, आयाळ-शेपूट विंचरले जाते. मात्र मागच्या पायांच्या पुढे, पोटाखाली असलेल्या शिश्नाच्या आवरणाकडे बहुतेक तबेल्यांत कोणी वळून पाहत नाही. संकोच हे त्याचे एक कारण, आणि त्या जागी हात लावला की काही घोडे लाथ उगारतात हे दुसरे. याच्या उलट काही मालक इतके दक्ष असतात की दर आठवड्याला जंतुनाशक साबण लावून तो भाग घासून काढतात. या दोन्ही सवयींनी घोड्याला त्रास होतो, आणि तो का होतो हे कळण्यासाठी आधी त्या अवयवाची रचना पाहायला हवी.

घोड्याच्या शिश्नावरचे कातडे दुहेरी दुमडलेले असते. बाहेरून दिसते ती पहिली घडी, आणि तिच्या आत आणखी एक घडी. एरवी शिश्न या आवरणात ओढलेले राहते आणि लघवीच्या वेळी ते आत धरून ठेवणारा स्नायू सैल पडला की बाहेर उतरते. घड्यांच्या त्वचेत तेलकट स्राव तयार करणाऱ्या आणि घामाच्या ग्रंथी असतात. हा स्राव, त्वचेच्या झडलेल्या पेशी, घाम, बसताना लागलेली धूळ आणि गवताचा भुसा मिळून जो मळ साचतो त्याला स्मेग्मा म्हणतात. तो कधी करड्या-काळ्या मेणासारखा चिकट असतो, तर कधी कोरडा होऊन त्याचे पापुद्रे सुटतात. एकाच तबेल्यात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या दोन घोड्यांत त्याचे प्रमाण अगदी वेगळे असू शकते.

खच्ची केलेल्या घोड्यांत हा मळ अधिक साचलेला आढळतो. वृषणे काढल्यावर टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण उतरते, उत्तेजना कमी होते, समागमाचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे शिश्न पूर्ण बाहेर येऊन घड्या उलगडण्याचे प्रसंग कमी होतात. फार लहान वयात खच्ची केलेल्या घोड्यात हा अवयव कधी कधी पुरेसा वाढत नाही आणि असे काही घोडे आवरणाच्या आतच लघवी करतात. ज्याच्या आवरणातून लघवी ठिबकते, ज्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला ओघळ वाळलेले दिसतात, त्याची तपासणी सगळ्यात आधी व्हावी.

तरीही हा मळ म्हणजे रोग नव्हे. थोड्या प्रमाणात तो नाजूक त्वचेला वंगण देतो आणि तिथे नेहमी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना थारा देतो. हे सूक्ष्मजीव जागा व्यापून असतात म्हणून घातक जंतूंना तिथे सहज पाय रोवता येत नाहीत. पैदाशीच्या घोड्यांचे शिश्न वारंवार जंतुनाशकाने धुतल्यावर नेहमीचे सूक्ष्मजीव नाहीसे होऊन स्यूडोमोनास आणि क्लेब्सिएला यांसारखे त्रासदायक जीवाणू वाढल्याचे निरीक्षण आहे. खच्ची केलेल्या घोड्याची त्वचाही तीच असते. म्हणून पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडिनसारखी जंतुनाशके, भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर यांतले काहीही नेहमीच्या धुण्यासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोमट पाणी आणि मळ मऊ करण्यापुरते पाण्यात विरघळणारे वंगण एवढे पुरते.

खरी काळजी घ्यायची ती शिश्नाच्या टोकाशी. तिथे मूत्रमार्गाचे तोंड थोडे पुढे आलेले असते आणि त्याच्याभोवती एक खळगा असतो, जो वरच्या बाजूला अधिक खोल जातो. या कप्प्यात मळ दाबला जाऊन घट्ट होतो आणि त्याचा खडा बनतो. तो वाटाण्याएवढा असू शकतो, तसा अक्रोडाएवढाही सापडतो. बाहेरून पाहून तो बहुधा दिसत नाही. हातमोजा घालून, भरपूर वंगण लावून, करंगळीचे टोक मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती अलगद फिरवले की मऊ त्वचेच्या पाठीमागे काहीतरी टणक लागते, आणि हळूहळू दाबून आणल्यावर करड्या किंवा पांढुरक्या रंगाचा, बोटांत चुरडला जाणारा गोळा बाहेर येतो. खडा मोठा झाला तर मूत्रमार्गावर दाब येतो, लघवीची धार फाटते किंवा बारीक होते, आणि घोडा पाय फाकवून पुन्हा पुन्हा लघवीला उभा राहतो. पोटदुखी समजून अशा घोड्याला भलतेच औषध दिले जाऊ शकते.

धुताना दोन माणसे हवीत. एकाने लगाम धरून डोक्याशी उभे राहावे. दुसऱ्याने घोड्याच्या खांद्याजवळ, शेपटीकडे तोंड करून, एक हात पाठीवर ठेवून उभे राहावे, म्हणजे घोडा आखडला तर हाताला आधीच समजते. मागच्या पायांच्या समोर वाकून बसणे कटाक्षाने टाळावे. पोटावरून हात नेत नेत त्या भागाला स्पर्शाची सवय लावण्यात सुरुवातीचे काही दिवस गेले तरी चालतील. वंगण लावून मळ भिजू द्यावा, ओल्या कापसाने घड्यांतून तो पुसून घ्यावा, नखाने खरवडू नये आणि शिश्न जोराने ओढू नये. शेवटी कोमट पाण्याने सगळे वंगण धुऊन काढावे. साधारणपणे वर्षातून एकदा किंवा दोनदा एवढे केले की बहुतेक घोड्यांना पुरते, आणि ज्यांना मळ कमी साचतो त्यांना नुसती तपासणी पुरते. पाहणे मात्र अधिक वेळा व्हावे: घोडा लघवीला उभा राहतो तेव्हा मोतद्दाराने दोन क्षण थांबून नजर टाकली, तर बराचसा अंदाज येतो.

आपल्याकडे पावसाळ्यात या भागाच्या त्रासाला आणखी एक कारण जोडले जाते. घोड्याच्या जठरात राहणाऱ्या हॅब्रोनेमा जातीच्या कृमींच्या अळ्या माश्यांमार्फत पसरतात, आणि माशी ओलसर त्वचेवर किंवा जखमेवर बसली की तिथे उतरतात. मूत्रमार्गाचे तोंड ही त्यांची आवडती जागा आहे. तिथे न भरणारी, लालसर मांसल जखम तयार होते. भारतात या रोगाला पूर्वीपासून बरसाती म्हणतात. अशा जखमेवर धुण्याने काही होत नाही; जंतनाशक औषध, माश्यांचा बंदोबस्त आणि पशुवैद्याचा उपचार लागतो.

कर्करोगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. शिश्नाच्या आणि आवरणाच्या गाठींमध्ये स्क्वेमस पेशींचा (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कर्करोग सर्वाधिक आढळतो, तोही मुख्यतः वयस्क घोड्यांत. 1947 मध्ये घोड्याचा स्मेग्मा उंदरांवर वापरून केलेल्या प्रयोगांतून हा मळच कर्करोगजनक असावा, असा विचार पुढे आला आणि कडक धुण्याला जोर मिळाला. अलीकडच्या संशोधनाने लक्ष घोड्यांतल्या पॅपिलोमा विषाणूच्या (चामखिळीसारख्या वाढी करणाऱ्या विषाणूच्या) ‘प्रकार 2’ कडे वळवले आहे, कारण या गाठींत तो वारंवार सापडतो. रंगद्रव्य कमी असलेल्या त्वचेला धोका अधिक असतो, म्हणून नुकऱ्यासारख्या, पांढऱ्या केसांच्या आणि गुलाबी कातडीच्या घोड्याकडे अधिक लक्ष द्यावे. पांढुरका चट्टा, कोबीच्या गड्ड्यासारखी वाढ, रक्तमिश्रित किंवा फार दुर्गंधी स्राव दिसला, तर घरी धुऊन पाहण्यात दिवस घालवू नयेत.

नुसती सूज असेल तर तिचे मूळ मळातच असेल असे नाही. दिवसदिवस बांधून ठेवलेल्या घोड्याच्या आवरणात पाणी उतरते आणि फिरवल्यावर ते ओसरते. रक्तातले प्रथिन घटल्यानेही तिथे सूज येते.

स्पर्श अजिबात सहन न करणाऱ्या घोड्याला पशुवैद्य गुंगीचे इंजेक्शन देतात, आणि दात कानसण्यासाठी गुंगी दिलेली असतानाच हेही काम उरकणे सोयीचे ठरते. झायलाझिन आणि डेटोमिडिन या गुंगीच्या औषधांनी शिश्न आपोआप खाली उतरते. अ‍ॅसेप्रोमाझिन या दुसऱ्या गुंगीच्या औषधाने क्वचित ते परत आत न जाण्याचा धोका असतो, म्हणून औषधाची निवड मालकाने किंवा घोडेवाल्याने करू नये. गुंगी उतरल्यावर काही तासांतही शिश्न लोंबतच राहिले, तर त्यात पाणी साचून ते सुजते आणि सुजेमुळे आत जाणे आणखी अवघड होते. अशा वेळी ते ओलसर ठेवून, मऊ कापडाच्या झोळीने पोटाशी आधार देऊन, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे.