मोठ्या झाडांची नियंत्रित तोड

उभे मोठे झाड ठरवलेल्या दिशेने, माणसांना व वास्तूंना धक्का न लावता खाली आणण्याचे काम. चेनसॉ (साखळीची करवत), पाचरी, विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) आणि एक्स्कॅव्हेटर (खोदयंत्र) ही त्याची साधने. पण झाड कुठे पडेल हे बुंध्यात न कापता राखलेला लाकडाचा पट्टा ठरवतो. या पट्ट्याला बिजागरी म्हणता येईल.

आधी झाडाचा कल, फांद्यांचा भार, वारा, वर लटकलेल्या सुक्या फांद्या आणि बुंध्यातली पोकळी (ठोकल्यावर आवाज बदलतो) पाहतात. जवळ विजेच्या तारा असल्यास पुरवठा बंद झाल्याशिवाय हात लावू नये. इतरांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब राहावे. कापणाऱ्याची पळवाट मागे तिरकी, ४५ अंशांत असते. सरळ मागे नव्हे, कारण पडताना खोड बुंध्यावरून मागे उसळू शकते.

पडण्याच्या बाजूला व्यासाच्या साधारण पाव खोलीची खाच घेतात. तिचे दोन्ही छेद एकाच रेषेत मिळायला हवेत. एक छेद पुढे गेला की खाच अर्ध्यावरच मिटते आणि बिजागरी अवेळी तुटते. नेहमीच्या खाचेत मागचा छेद (खाचेच्या उलट बाजूने घेतलेला) तिच्या आतल्या कोपऱ्यापेक्षा २.५ ते ५ सेंमी वर घेतात आणि व्यासाच्या एक-दशांश पट्टा राखतात. ६० सेंमीच्या खोडाला ६ सेंमी. छेदात जागा होताच पाचर ठोकावी, म्हणजे झाड मागे बसून करवत अडकत नाही. पाचर प्लास्टिकचीच बरी. पोलादी पाचरीवर साखळीचे दात जातात.

पुढे फार झुकलेले झाड सर्वांत घातक. मागचा छेद पुरा होण्याआधीच ते कोसळू लागते, खोड उभे चिरते आणि चिरफळी कापणाऱ्याच्या तोंडावर उसळते. अशा वेळी करवत खोडात भोसकून आधी बिजागरी घडवतात, मागे थोडे लाकूड धरून ठेवतात आणि तेच शेवटी तोडतात. भोसकताना सुरुवात टोकाच्या खालच्या भागाने करावी. वरचा भाग टेकला तर करवत अंगावर झेपावते.

यंत्र आले म्हणून काम सोपे होत नाही. वायररोप (पोलादी तारांचा दोर) खोडावर उंच बांधून यंत्र झाडाच्या उंचीपेक्षा दूर ठेवावे, किंवा कप्पी लावून ओढ बाजूला वळवावी. खाच घेण्याआधी दोर हलकाच ताणतात. जोर लावला तर खोड फाटते. एक्स्कॅव्हेटरने ढकलण्याआधी भोवतालची मुळे तोडतात. उंचावर रेटल्याने ताकद कमी लागते, पण कुजका शेंडा मोडून केबिनवर येऊ शकतो. झाड कलू लागताच यंत्र मागे घ्यावे, नाहीतर वर येणारा मुळांचा गड्डा त्यालाच उलटवतो.

दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली जाऊ नये, आधार देणारे झाडही कापू नये. बुंध्याला दोर बांधून, दूर उभे राहून विंचने मागे ओढावे.