कॅबिनेटमधला बंद माठ

आमच्या शेजारचा पोरगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिना म्हणजे त्याची सुगी, आणि नागपूरच्या उन्हाचीही. परवा भर दुपारी दारात उभा. "काका, पीसी खूपच आवाज करून राहिला. अन् टेंपरेचर ब्याण्णव दाखवते. जळते का आता हा?" जाऊन पाहिलं तर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलेलं, आणि खिडकीतला लोखंडी कूलर ओढून आणून त्याचं तोंड थेट मदरबोर्डवर रोखलेलं. प्रोसेसरच्या, म्हणजे पीसीच्या मुख्य चिपच्या, पंख्याच्या पात्यांवर धूळ ओली होऊन चिखलासारखी बसली होती. बोट फिरवलं तर बोटाला काळा लगदा लागला.

ब्याण्णवला काही जळत नाही. हल्लीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा साधारण ९५ ते १०० अंशांची असते, आणि ती गाठली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर तर भरपूर काम दिलं की ९५ अंशांपर्यंत चढतातच, कंपनीने ते तसेच बनवले आहेत. आकडा दिसला की घाबरायचं ही आपली जुनी सवय. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले, बातम्या देशभर फिरल्या, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदवले गेले होते, ते मात्र खरे. आपल्याला तेवढे पुरे आहेत.

खरा गैरसमज वेगळाच आहे. पंखा हवा थंड करतो, असं बहुतेकांना वाटतं. थर्मामीटरसमोर पंखा लावून बघा, पारा जागचा हलणार नाही. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याच्यावरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा, आणि पंखा एवढंच ठरवतात की तो खोलीपेक्षा किती जास्त तापेल. समजा, तुमचा हीटसिंक दर वॉटमागे ०.४ अंश चढू देतो आणि प्रोसेसर १०० वॉट खातो. म्हणजे खोलीच्या वर ४० अंश. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असते तेव्हा प्रोसेसर ६२ वर बसतो, मेमध्ये खोली ४० वर गेली की तोच ८० वर. यंत्रात काही बिघडलेलं नसतं, फक्त जमीनच वर उचललेली असते. महागडं लिक्विड कूलिंग घेतलं तरी ही जमीन तीच राहते. त्यातलं पाणीही शेवटी खोलीच्याच हवेने थंड होतं. पेटीवरची बर्फाची चित्रं खरी मानायची नाहीत.

आता माझ्या आवडीचा भाग. प्रोसेसरच्या चिपमधला उष्णता ओकणारा तुकडा जेमतेम नखाएवढा असतो. समजा दीड चौरस सेंटिमीटर. त्यातून १०० वॉट म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ६५ वॉट. कपड्यांची १००० वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५ वॉट. एवढ्याशा जागेतली उष्णता उचलून वरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांपर्यंत न्यायची कशी? तांबं उष्णतेचं उत्तम वाहक, हे शाळेत शिकलो. मग हिशोब करून बघू. पेन्सिलीपेक्षा जरा बारीक, ६ मिलिमीटर जाडीचा भरीव तांब्याचा दांडा घेतला आणि त्यातून ३० वॉट उष्णता १५ सेंटिमीटर लांब न्यायची म्हटलं, तर दोन टोकांत जवळपास ४०० अंशांचा फरक लागेल. तिथे कथलाचे टाके वितळून जातील.

पण हीटसिंकमधून वर गेलेले ते तांब्याचे पेन्सिलीएवढे दांडे भरीव नसतातच. पोकळ असतात, आतली हवा काढून घेतलेली असते, थोडंसं पाणी घालून दोन्ही टोकं बंद केलेली असतात. ह्यांना हीट पाइप म्हणतात. आत हवा नसल्यामुळे पाण्यावर दाब असतो तो फक्त त्याच्या स्वतःच्या वाफेचा. ५० अंशांना हा दाब वातावरणाच्या आठव्या हिश्शाएवढा. त्यामुळे पाणी उकळायला शंभर अंशांची वाट बघावी लागत नाही. किंबहुना ह्या नळीला ठरलेला उत्कलनबिंदूच नाही. एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा गरम झालं की तिथला वाफेचा दाब वाढतो आणि वाफ गार टोकाकडे धावते. तिथे तिचं पुन्हा पाणी होतं.

ह्यात कमाई किती, ते बघा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात. त्याच ग्रॅमची वाफ करायला सुमारे २४०० ज्यूल. ही सगळी उष्णता वाफ पाठीवर घेऊन जाते आणि पाणी होताना पत्र्यांपाशी उतरवते. १२० वॉटच्या प्रोसेसरवर सगळ्या नळ्यांत मिळून दर वीस सेकंदांना एक ग्रॅम पाणी वाफ होतं आणि परत येतं. तुम्ही हे वाचताय तोवर दहा-पंधरा ग्रॅमांची ये-जा झाली असेल.

परत येतं कसं? नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याची भुकटी भाजून चिकटवलेली असते. समईतली वात तेल वर ओढते तशी ही भुकटी पाणी ओढते. छिद्रांची त्रिज्या ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा, धरली तर नुसत्या केशाकर्षणाने पाणी साधारण २८ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त, उंच चढू शकतं. अर्थात वाहताना घर्षणात त्यातला बराच जोर खर्च होतो. उष्णता फार वाढली आणि वातीला पाणी पुरवणं जमेनासं झालं, तर गरम टोक कोरडं पडतं आणि पाइप एकदम साधी पोकळ नळी होऊन बसतो. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लरने ह्या कल्पनेचं पेटंट १९४४ मध्येच मिळवलं होतं, पण तिला जोर आला तो अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हरने १९६३ मध्ये ती नव्याने करून दाखवल्यावर. तीच नळी आज नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानात टांगलेली दिसते.

आता गंमत अशी की आपला माठ आणि खिडकीतला कूलर ह्याच बाष्पीभवनावर चालतात. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास थांबतो, आणि बरा कूलर २८ ची हवा देतो. मग हीट पाइप खोलीपेक्षा गार का होत नाही? कारण माठातली वाफ निघून जाते. उष्णता घेऊन कायमची जाते. हीट पाइप म्हणजे तोंड बंद केलेला माठ. वाफ आतच राहते, नेलेली उष्णता पलीकडच्या टोकाला टाकावीच लागते, आणि ते टोक खोलीच्या हवेपेक्षा गरम असेल तरच ती टाकता येते. पाणी तेच, पण एकाला खिडकी उघडी आहे आणि दुसऱ्याला नाही.

म्हणून पोराला सांगितलं, कूलर खिडकीत परत ने. खोली ४० ची २९ झाली की प्रोसेसरही तेवढेच ११ अंश उतरेल. कूलरचा मारा थेट कॅबिनेटमध्ये घेतला तर पॅडवरून उडणारे बोअरच्या पाण्याचे तुषार आत जातात, क्षार आणि धूळ पत्र्यांच्या फटींत थापली जाते. कॅबिनेट उघडलं तसं ब्रशने सगळं साफ केलं. वरच्या जाळीत हळद-कुंकू सापडलं. खंडेनवमीला पूजा केली होती. पूजेला माझी ना नाही, पण कुंकू जाळीत घालू नका, त्याने यंत्राला आयुष्य मिळत नाही, उलट श्वास कोंडतो. त्याच्या दारावरच्या लिंबू-मिरचीने तर पंख्याचा आवाज एक डेसिबलही उतरवलेला नव्हता.

आवाजाचं गणित त्या मानाने सोपं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला निम्मा झाल्यासारखा वाटतो. नुसता २० टक्के वेग कमी केला तरी ५ डेसिबल जातात. चढ-उतारामुळे मात्र जास्त चिडचिड होते. चिप एवढीशी असल्यामुळे एक फाइल उघडली की सेकंदाच्या आत तापमान दहा-पंधरा अंशांनी उसळतं, पंखा घाबरून गुरगुरतो, मग शांत होतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, कुठल्या तापमानाला पंखा किती फिरेल ह्याचा आलेख असतो, तिथे पंख्याला चार-पाच सेकंद उशिरा जागं होऊ दिलं की हे थांबतं. शिवाय प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणून विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की टर्बो, म्हणजे हा शेवटचा जादा वेग, सहसा बंद होतो. रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार होणं, थोडं लांबतं, पण उष्णता बरीच उतरते. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्टही बदलली, वाटाण्याएवढी पुरते. टूथपेस्ट लावायचा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता, तो मी फेटाळला. ती वाळून तिला तडे जातात.

संध्याकाळी तोच पुन्हा दारात. रेंडर सुरू आहे, ७४ दाखवते, पीसीचा आवाजही नाही. "पण काका, आता कूलरचा टिल्लू पंप करकरून राहिला. इतके दिवस ऐकूच येत नव्हता."