लाखेची तबकडी की व्हायनल? टर्नटेबल घेण्याआधी ट्रंक उघडा

माळ्यावरची ट्रंक खाली काढली की तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक काळ्या तबकडीला आपण ‘ग्रामोफोन रेकॉर्ड’ म्हणतो. आजोबांनी घेतलेली बालगंधर्वांची नाट्यपदं असोत की काकांनी हौसेने आणलेली भीमसेन जोशींची एलपी (लाँग-प्ले, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड), नाव एकच. पण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली लाखेची, दुसरी व्हायनलची. हा फरक न बघता टर्नटेबल घेतलं की पैसे जातात आणि कधीकधी रेकॉर्डही जाते.

हातात घेतली की फरक कळतो. लाखेची तबकडी आकाराच्या मानाने जड लागते. कडेला नखाने हलकी टिचकी मारली तर कपबशीसारखी किणकिणते, आणि पडली तर फुटतेही तशीच. व्हायनलचा आवाज बसका येतो, आणि ती थोडी लवते. नुसत्या आकारावर मात्र जाऊ नका. लाखेच्या बहुतेक तबकड्या १० इंची असतात हे खरं, पण १० इंची एलपीही निघाल्या आहेत. सालावरूनही फसगत होते. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली १९४८ साली, पण आपल्याकडे ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या.

खरी गोम खाचेत आहे. तबकडी खिडकीशी तिरपी धरा. लाखेवरच्या खाचा सुट्या सुट्या दिसतात, एलपीवर त्या इतक्या दाट असतात की नुसती चमक दिसते. म्हणून एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचा राग मावतो आणि लाखेच्या बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत गायकाला आलाप, बंदिश, तान सगळं आटोपावं लागे. रुंद खाचेला जाड सुई लागते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, तर ७८ च्या सुईची सुमारे ७६. चौपट!

मी पहिल्यांदा ७८ वर एलपीचीच सुई ठेवली होती. गाणं दूर कुठेतरी, आणि पुढ्यात फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. तबकडी पार झिजली असं वाटून वाईट वाटलं. मग जाड सुई मिळवली, आणि त्याच तबकडीतून ऑर्गनचा सूर भरून आला, शब्द वेगळे कळू लागले. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाते, जिथे साठ-सत्तर वर्षांची धूळ बसलेली असते. जाड सुई भिंतींना टेकून चालते, आणि गाणं भिंतींवर कोरलेलं असतं. उलट चूक जास्त महागात पडते. जाड सुई एलपीवर ठेवली तर खाच कायमची बिघडते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन तर व्हायनलच्या जवळही नेऊ नका.

तेव्हा दुकानात ‘७८ स्पीड आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘सुई बदलता येते का?’ हेही विचारा. मध्यम किमतीत ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० एक्स या टर्नटेबलला ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेग आहेत, आणि त्याच्या व्हीएम९५ काट्रिजवर (सुई जिच्यात बसते ती डबी) ७८ साठीची एसपी सुई नुसती सरकवून बसते. फक्त सुईवर येणारं वजन बदलायला विसरू नका: एलपीच्या सुईला सुमारे २ ग्रॅम, ७८ च्या सुईला सुमारे ५. त्याच कंपनीचं स्वस्त एलपी६० एक्स ३३ आणि ४५ वरच थांबतं. रेगा प्लॅनर १ चंही तेच. ट्रंकेत सगळं व्हायनलच असेल तर रेगा खुशाल घ्या, फार गोड वाजतं. पण एकदोन जरी लाखेच्या निघाल्या, तरी माझं मत एलपी१२० एक्सलाच.

त्याचं आणखी एक कारण म्हणजे वेग किंचित कमीजास्त करणारी पट्टी. जुन्या ‘७८’ प्रत्यक्षात नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसत. आवाज चिरका आणि लय घाईची वाटली, तर पट्टी थोडी खाली घ्या. गायकाचा खरा आवाज ऐकलेलं घरात कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवून हे करा.

अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) बटण असेल तर ७८ वाजवताना ते दाबा, खरखर बरीच उतरते. एलपी१२० एक्समध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आतच आहे, त्यामुळे वेगळा घ्यायची गरज नाही.

आणि धुण्याआधी पुन्हा एकदा टिचकी मारून बघा. अल्कोहोल असलेलं क्लीनर व्हायनलला चालतं, पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाखेच्या तबकडीला साधं डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून.