मेंदूच्या घरात बॅरल नसतं

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी बॅरल आणि हौद भरून ठेवलेले असतात. मेंदूकडे अशी साठवण जवळजवळ नाहीच. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे 20 टक्के ओढतो. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर 10 सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते.

मेंदूतल्या रक्तवाहिन्या नुसत्या रक्त पोचवत नाहीत, आत काय सोडायचं तेही ठरवतात. 1885 च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकी अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदू रंग धरतच नाही, असं त्यांना वाटलं. पुढे 1913 मध्ये त्यांचेच शिष्य गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात घातला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं! म्हणजे मधे भिंत होती. केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी तिथे एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातल्या बहुतेक गोष्टींना फटीतून आत शिरता येत नाही.

वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. मेंदूच्या खोल भागातला पुरवठा आटतो, काही ठिकाणी पक्षाघाताचे लहान लहान झटके येऊन जातात आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. अल्झायमर या स्मृती हरवत जाणाऱ्या आजारात मेंदूत साठणारं अमायलॉइड प्रथिनही काही प्रमाणात रक्तवाहिन्यांच्या वाटेनंच बाहेर पडतं. ही वाट बिघडली की त्याचा निचरा मंदावतो. वयस्कर रुग्णांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान अनेकदा एकत्रच सापडतं. त्यामुळे ‘हा रक्तवाहिन्यांचा आजार, तो अल्झायमर’ ही काटेकोर वाटणी मला तरी फारशी पटत नाही.

आपल्याकडे मात्र ‘बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद होते आणि विसरभोळेपणा ‘वय झालं’ म्हणून सोडून दिला जातो. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात स्मृती आणि आकलनातली सौम्य घट 19 टक्क्यांनी कमी आढळली. डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाणही कमी दिसलं, पण तो फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. अर्थात 120 हे लक्ष्य सरसकट सगळ्यांसाठी नाही. ज्यांना उठताना चक्कर येते त्यांनी तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे 14 धोके मांडले. त्यांत बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान आहेतच. शिवाय कमी ऐकू येणंही आहे. त्याचा रक्तवाहिन्यांशी थेट संबंध नाही, पण ज्यांची उमर यंत्रमागाच्या खडखडाटात गेली, त्यांच्या बीपीसोबत कानही तपासायला हवेत.