दोन काट्यांचा की काळ्या पट्टीचा? कुंडीतला ओलावा नक्की कोण मोजतो

आम्ही महिनाभर पुण्याला होतो. इंदूरच्या घरी गच्चीतल्या तुळशीत ओलाव्याचा सेन्सर खोचून गेलो होतो. मोबाईलवर रोज ‘माती कोरडी’ असं यायचं, मी शेजारच्या काकूंना फोन करायचे आणि त्या बिचाऱ्या रोज तांब्याभर पाणी घालायच्या. परत येऊन पाहते तो तुळस पिवळी पडलेली, माती चिखल झालेली, मुळं कुजलेली. सेन्सर उपसला तर एक काटा धड होता आणि दुसरा टोकाशी कुरतडल्यासारखा झिजलेला. त्याच्या भोवतीच्या मातीत हिरवट डाग होते.

तो सेन्सर दोन काट्यांचा, म्हणजे रेझिस्टिव्ह होता. बाजारात त्याच्याच शेजारी एकसंध काळी पट्टी मिळते, ती कपॅसिटिव्ह. दोन्हींना ‘सॉइल मॉइश्चर सेन्सर’च म्हणतात, दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही त्याच ईएसपी३२ बोर्डाला (सेन्सरचा आकडा वाचून वायफायने मोबाईलवर पाठवणारा छोटा बोर्ड) जोडता येतात. त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालेल असं वाटतं. पण दोघं मोजतात त्या गोष्टीच वेगळ्या आहेत.

दोन काट्यांचा सेन्सर एका काट्यातून दुसऱ्यात मातीमार्गे वीज सोडतो आणि ती किती सहज गेली ते पाहतो. आता वीज नुसत्या पाण्यातून फारशी जात नाही, ती नेतात पाण्यात विरघळलेले क्षार. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. जलूदहून जवळपास 70 किलोमीटर आणलेलं ते पाणी कुंड्यांत ओतायला जीव धजत नाही, म्हणून झाडांना बोरिंगचं जड पाणी. त्यात क्षार जास्त, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात हा सेन्सर माती जास्त ओली दाखवतो. खत घातलं की आणखी ओली. शिवाय सतत एकाच दिशेने वीज वाहत राहिली की धन बाजूच्या काट्याचा मुलामा जातो, आतलं तांबं विरघळून मातीत उतरतं, आणि झिजलेल्या काट्यातून वीज कमी जाते. मग चिखलालाही तो ‘कोरडी’ म्हणतो. आमच्या तुळशीचं हेच झालं.

काळ्या पट्टीत धातू आत झाकलेला असतो, मातीला लागत नाही. ती माती वीज किती साठवू देते ते पाहते. हवेचा हा गुणांक 1, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5, आणि पाण्याचा सुमारे 80. एवढी तफावत असल्यामुळे पाणी थोडं वाढलं तरी आकडा हलतो. क्षारांचा परिणाम अगदीच शून्य नाही, पण बराच कमी. आणि काटेच उघडे नसल्याने झिजायचा प्रश्न येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: झाडात कायम ठेवायचा असेल तर पट्टीच घ्यावी. काट्यांचाच हाताशी असेल, तर त्याला तासातून एकदा, सेकंदभरच वीज द्यावी. तो बराच जास्त टिकतो.

पट्टीलाही शिकवावं लागतं. बहुतेक पट्ट्यांत ओलावा वाढला की आकडा उतरतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. मग आपल्याच कुंडीतली माती उन्हात वाळवून एक आकडा घ्या, तीच माती भिजवून, जादा पाणी निथळू देऊन दुसरा घ्या. दुसऱ्याच्या कोकोपीटचे आकडे आपल्या काळ्या मातीला लागू पडत नाहीत. आपली माळव्याची माती वाळली की आकसते, भेगाळते आणि पट्टीपासून सुटते. मधे केसाएवढी हवा शिरली तरी पट्टी कोरड दाखवते, जरी मुळांशी ओल असली तरी. म्हणून पट्टी ओल्या मातीत खोचावी, बाजूने बोटांनी दाबावी, आणि मातीत शेणखत, थोडी वाळू मिसळावी म्हणजे भेगा कमी पडतात. पट्टीवरच्या रेघेपर्यंतच आत घालावी, वरचे सुटे भाग भिजू देऊ नयेत. कापलेल्या कडांतून पाणी आत झिरपतं, तिथे नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत. मी दिले आहेत, लाल रंगाचे.

जोडणीत एकच गोष्ट नीट पाहा: ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना एडीसी२ च्या, म्हणजे सेन्सरचा आकडा वाचणाऱ्या दुसऱ्या गटातल्या, पिना वाचता येत नाहीत. वायर 32 ते 39 मधल्या पिनेला लावा, नाहीतर सेन्सर बिघडला समजून उगाच बदलाल.

आपोआप पाणी घालणारा पंप मात्र मी अजून जोडलेला नाही. वायर सैल झाली तर रात्रभर पाणी वाहील. नवीन तुळशीत पट्टी आहे, आकडा काकूंच्याही मोबाईलवर जातो, आणि ‘कोरडी’ आलं तरी त्या आधी मातीत बोट घालून बघतात, मगच तांब्या उचलतात.