पेटीतले टॉवेल आणि पंपावरचं पेट्रोल

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गेलात, तर मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पॅकिंगच्या टेबलाशी बाया टॉवेलच्या कडा चाचपतात, सुटलेला धागा कात्रीनं उडवतात, मग पेटीवर परदेशातला पत्ता चिकटतो. बिल डॉलरमध्ये. कारखानदाराच्या खात्यात रुपये येतात, डॉलर बँकेकडे राहतात आणि पुढे तेल आणणाऱ्या कंपनीला विकले जातात. आपल्या पंपावरच्या पेट्रोलचा थोडासा हिशेब या पेटीत असतो, तो असा.

श्रीलंकेत २०२२ साली हाच हिशेब बिघडला. डॉलर येत होते पर्यटन, चहा, तयार कपडे आणि परदेशी गेलेल्या माणसांच्या मनीऑर्डरींतून. २०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पाठोपाठ कोरोना आला, आणि पर्यटक थांबले. त्यात सरकारनं कर कमी केले, २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं पीक घटलं आणि तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. खताचे डॉलर वाचवायला गेले आणि तांदळाला घालवून बसले! पुढे पेट्रोलचं जहाज कोलंबोबाहेर समुद्रात उभं, पण पैसे चुकते करायला डॉलर नाहीत. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. १२ एप्रिल २०२२ ला सरकारनं परदेशी कर्जाची फेड थांबवली.

नोटा छापायच्या की, असं कुणालाही वाटेल. त्यांनी छापल्याही. पण तेलवाला श्रीलंकेचे रुपये घेत नाही, आणि घरात महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली.

आपण हसू नये. जून १९९१ मध्ये आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले होते. आखाती युद्धानं तेल महागलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं गहाण टाकून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. सोनं गहाण टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

डॉलर संपले की देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या, दारात जातात. तिचं कर्ज हप्त्याहप्त्यानं मिळतं, आणि प्रत्येक हप्त्याआधी तपासणी असते. श्रीलंकेला मार्च २०२३ मध्ये सुमारे ३०० कोटी डॉलर मंजूर झाले. बदल्यात कर वाढवायचे, वीज तोट्यात विकायची नाही. रक्कम तशी मोठी नव्हती. पण नाणेनिधीनं हात दिला की बाकीचे सावकारही बोलायला बसतात, खरा उपयोग तो. त्याआधी, २०२२ मध्ये, भारतानं सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली होती.

२०२२ च्या या गडबडीत डॉलर २०० श्रीलंकी रुपयांवरून काही आठवड्यांत साडेतीनशेच्या पुढे गेला. चहा निर्यात करणाऱ्याला तेवढ्याच डॉलरचे रुपये जास्त मिळू लागले. त्याच मळ्यातली मजूर बाई सकाळी रोटी थापते ती गव्हाच्या पिठाची, आणि श्रीलंकेत गहू पिकत नाही.